गिऱ्हाईक नसलेला कपडा

आमच्या धंद्यात कपडा कधी पूर्ण झाला, याचं उत्तर सरळ आहे. गिऱ्हाइकाने आरशात बघून मान डोलावली आणि उरलेले पैसे चुकते केले, की झाला. त्याआधी तो कितीही देखणा असो, खुंटीवर लटकलेला माल असतो. पुण्यात लग्नसराईचे कपडे शिवणाऱ्या माझ्यासारखीचं सगळं शहाणपण या एका क्षणाभोवती फिरतं. नवरीच्या आईला काय पटेल, फोटोत कुठला रंग उठेल, पंगतीतून उठल्यावर ब्लाउज तटतटणार तर नाही, ड्रायक्लीनवाला जरीची वाट लावेल का. या प्रश्नांची उत्तरं देता देता वर्षं जातात आणि हात बसतो. मग एक दिवस जाणवतं की बसलेला हात तेवढ्याच प्रश्नांची उत्तरं देतो. नवं काही विचारलं, तर तो जुनंच उत्तर पुढे करतो.

न्यूझीलंडच्या ‘वर्ल्ड ऑफ वेअरेबल आर्ट’ या स्पर्धेत प्रवेशिका पाठवायचं मी ठरवलं, ते या कंटाळ्यातून. तिला जगभर ‘वॉव’ म्हणतात. अंगावर घालायची कला, असा तिचा विषय. गिऱ्हाईक नाही, बजेटची ओढाताण नाही, ‘जरा गुलाबीत दाखवा ना’ नाही. मनात येईल ते करायचं.

ही स्पर्धा सुरू केली सुझी मॉनक्रीफ या शिल्पकार बाईंनी, १९८७ साली, नेल्सन शहराजवळच्या एका खेड्यात. गावाकडच्या एका कलादालनाकडे लोकांचे पाय वळावेत, एवढाच मूळ हेतू होता. भिंतीवरची कला खाली उतरवायची आणि चालत्या अंगावर चढवायची, ही त्यांची कल्पना. पहिला कार्यक्रम तंबूत झाला, त्या रात्री पाऊस होता, तरी दोनेकशे माणसं आली. २००५ मध्ये स्पर्धा राजधानीत, वेलिंग्टनला गेली. आता सप्टेंबर-ऑक्टोबरात सुमारे तीन आठवडे तिचे प्रयोग चालतात आणि ६०,००० च्या आसपास प्रेक्षक येतात. कोविडमुळे २०२० आणि २०२१ ची वर्षं कोरडी गेली, २०२२ पासून पुन्हा सुरू.

मला मोह पडला तो तिथे कोण कोण येतं ते बघून. २००९ चा सर्वोच्च पुरस्कार अलास्कातल्या डेव्हिड वॉकर या सुतारकाम करणाऱ्या माणसाने मिळवला, आणि त्याचा तो घेरदार पोशाख चक्क लाकडाचा होता. इंडोनेशियाचा रिनाल्डी युनार्डी मुळात मुकुट आणि अलंकार घडवणारा. त्याने २०१७ आणि २०१९ असा दोनदा हा पुरस्कार नेला. म्हणजे शिवणकामाची पदवी कोणी विचारत नाही. परीक्षकांपुढे वस्तू जाते, कर्त्याचं नाव जात नाही. नियमावलीत मात्र एक अट पक्की: वस्तू माणसाला अंगावर घालता आली पाहिजे, घालून चालता-वळता आलं पाहिजे आणि प्रयोगामागून प्रयोग ती तगली पाहिजे. ही अट वाचून मी निर्धास्त झाले. आयुष्यभर दुसरं केलं काय?

साहित्य काय घ्यायचं, यावर फार विचार करावा लागला नाही. माझं आजोळ माणदेशातलं. तिकडची दख्खनी मेंढी काळी, काटक, दुष्काळी रानात मैलोगणती चालणारी. तिची लोकर जाडीभरडी. मेरिनोचा तंतू वीस मायक्रॉनच्या आगेमागे असतो, हिचा त्याच्या जवळपास दुप्पट. अंगाला टोचते, म्हणून स्वेटरच्या कामाची नाही. मेंढरं वर्षातून दोनदा कातरावीच लागतात, नाहीतर उवा-गोचिडांनी बेजार होतात. पण लोकर विकून कातरणीची मजुरीसुद्धा सुटत नाही, म्हणून कित्येक धनगर ती रानातच टाकून पुढे जातात. या लोकरीचं एकच पारंपरिक गिऱ्हाईक होतं, ते म्हणजे घोंगडी विणणारे सणगर. आता घोंगडी वापरणारेच कमी झाल्यावर मागही थांबत चालले.

ज्यांचा माग अजून चालू आहे अशा एका सणगरमामांकडे मी गेले. मागच्या पडवीत मावशी चरख्यावर सूत काढत होत्या. मामा अंगणात ताणा पसरून त्याला खळ लावत होते. चिंचोके भाजून, दळून, शिजवून केलेली ही खळ. मोठ्या कुंच्याने ती सुतावर ओढायची आणि उन्हात वाळू द्यायची. ओलं असताना लोंबणारं, केसाळ सूत वाळल्यावर ताठ उभं राहतं आणि मागाचे दणके सोसतं. मी बोटाने एक धागा दाबून पाहिला. तो वाकला आणि परत सरळ झाला. माझ्या डोक्यात तिथेच दिवा लागला: तारा नकोत, प्लास्टिक नको, ही खळच माझ्या पोशाखाचा सांगाडा होईल.

आकारही मामांनीच दिला, न मागता. बोलता बोलता आभाळ आलं. मावशींनी दोरीवरची घोंगडी ओढली, एका बाजूचे दोन कोपरे आत दुमडले, दाभणाने दोन टाके घातले आणि मामांच्या डोक्यावर खोळ घातली. कापणं नाही, बेतणं नाही. एका आयताकृती तुकड्याचं टोक डोक्यावर उभं राहिलं, बाजू खांद्यांवरून उतरल्या आणि पाणी पाठीवरून ओघळायला वाट झाली. डिझाइनच्या कॉलेजात आम्हाला ‘झीरो वेस्ट’ या विषयावर सबंध एक सत्र होतं. त्यात मला कोणी हे दाखवलं नव्हतं.

मी काय करणार आहे ते मामांना सांगितलं. खोळीत खोळ, तिच्यात आणखी एक खोळ, अशा घड्या डोक्यामागून उभ्या चढत जाणार आणि खाली पायापर्यंत उतरणार. त्यासाठी अरुंद पट्टे हवेत, आणि काही पट्टे विरळ विणीचे.

“इरळ?” मामा म्हणाले. “आन् पाऊस आत यील की.”

“स्टेजवर पाऊस नसतो, मामा.”

“मग घोंगडं कशाला?”

याला मी काहीतरी बोलले, पण ते उत्तर नव्हतं. निघताना त्यांनी एवढंच बजावलं, “कापू नगा तेवढं. घोंगडं कापलं की त्याचं फडकं हुतंय.” हा मी माझा नियम करून टाकला. एकही पट्टा कापायचा नाही, सगळ्या कडा मागावरच्याच ठेवायच्या.

कारखान्यात मास्टरांपुढे मी पट्टे टाकले. आमचे मास्टर तीसएक वर्षं पॅटर्न काढतायत. ब्लाउजचा मुंढा नुसत्या नजरेने सांगतात. त्यांनी सूत हातावर घासून पाहिलं, नाक मुरडलं आणि विचारलं, “ताई, गिऱ्हाईक कोण?”

“गिऱ्हाईक नाही. स्पर्धा आहे.”

“बरं. मग माप कुणाचं?”

इथून खरं काम सुरू झालं. माप कोणाचंच नव्हतं. तिकडची कुठलीतरी मुलगी हे घालणार, तिची उंची, छाती, कंबर मला ठाऊक नाही. ती कशी चालते, कशाने दचकते, हेही ठाऊक नाही. लग्नाचा घागरा शिवताना नवरीबद्दल मला तिच्या सासूपेक्षा जास्त माहिती असते. इथे समोर धूसर अशी एक बाई, आणि तिच्या अंगावर मी दहा-अकरा किलोंची लोकर चढवायला निघालेले.

आधी सांगाड्याची गोष्ट सांगते. खळीने पहिले काही आठवडे कमाल केली. मांजरपाटात बेत काढायचा, डमीवर टाचायचा, मग त्याच घड्या घोंगडीत घालून खळ ओढायची. उन्हाळ्यात घड्या खडखडीत उभ्या राहत. जूनमध्ये पुण्यात पहिला पाऊस झाला आणि दोन दिवसांत सगळी टोकं माना टाकून बसली. चिंचोक्याची खळ हवेतली ओल शोषते. वर तिला बुरशीचा वासही येऊ लागला. मास्टर रोज सकाळी यायचे, डमीकडे बघायचे आणि म्हणायचे, “हे भिजत घोंगडं किती दिवस ठेवायचं, ताई?”

वाट निघाली ती कोल्हापूरकडच्या जेनमुळे. जेन विणत नाहीत. पिंजलेली लोकर पसरून, ओली करून, गुंडाळी करून लाटत-तुडवत तिचा जाड थर बनवतात. पिंजारी लोकांचं हे काम, बुरणूस म्हणतात त्याच जातीचं. तंतू एकमेकांत असे अडकतात की धागा नसताना कापड होतं, आणि ते ओलं असताना ज्या आकारावर बसवावं तो आकार धरतं. घड्यांच्या पोटात आम्ही जेनचे साचे बसवले, वर घोंगडीचे पट्टे. खळ विणण्यापुरती राहिली आणि नंतर धुऊन काढली. सांगाडा उभा राहिला, पावसात सुद्धा.

मग अंगाची गोष्ट. डमी कधी कुरकुरत नाही, म्हणून ती बेभरवशाची. शेजारच्या इमारतीतल्या कथक शिकणाऱ्या एका मुलीला आम्ही गळ घातली. तिने घातलं, दोन पावलं टाकली आणि तिचे खांदे खाली गेले. सगळं ओझं तीऱ्यावर, म्हणजे खांद्यांच्या रेषेवर आलं होतं. मान पुढे, श्वास वर. मास्टर तिच्याभोवती एक फेरी मारून आले आणि म्हणाले, “वजन कमी करू तेवढं कमीच. वजनाची जागा बदला.”

त्यांचा मुलगा सह्याद्रीत भटकणारा. त्याची एक जुनी सॅक त्यांनी आणली आणि माझ्यासमोर उसवली. चांगल्या सॅकचा रुंद पट्टा कमरेच्या हाडावर बसतो आणि वजनातला मोठा वाटा तो घेतो, खांद्यांचे पट्टे नुसते तोल धरतात. मास्टरांनी तो पट्टा जसाच्या तसा उचलला, त्याला दोन्ही बाजूंनी कॅनव्हास आणि फोमचं अस्तर दिलं, पाठीच्या कण्याला समांतर दोन हलक्या पट्ट्या वर नेल्या आणि मागची उभी खोळ त्या पट्ट्यांवर टांगली. मुलीच्या अंगाला लोकर आता फक्त कमरेजवळ आणि कपाळाला लागत होती. मध्ये सगळीकडे बोटभर हवा. वजन आम्ही साताठ किलोंवर आणलं, पण तिला ते तीनचार किलोंचंच वाटलं. पट्टा बकलने घट्ट-सैल होणारा, म्हणून ‘माप कुणाचं’ या प्रश्नालाही निम्मं उत्तर मिळालं.

पुढच्या वेळी ती गाणं लावून चालली आणि मध्येच थांबली. “काकू, मला काहीच ऐकू येत नाहीये.” लोकरीचे चार थर कानांभोवती, आवाज सगळा आत जिरत होता. रंगमंचावर तालावर चालायचं तर ऐकू यायलाच हवं. आम्ही कानांच्या रेषेत घड्या उकलल्या आणि तिथे मामांचे विरळ पट्टे बसवले. डोळ्यांपुढेही तेच. बाहेरून पाहणाऱ्याला अखंड काळी खोळ दिसते, आतल्या मुलीला विणीतून समोरचं दिसतं. ‘पाऊस आत यील’ म्हणून मामांनी ज्या पट्ट्यांना नाक मुरडलं होतं, त्यातून आता आवाज आणि उजेड आत येत होता.

आपल्याकडे ही विद्या नवी नाही. जव्हार-मोखाड्याच्या बोहाड्यात रात्रभर मुखवटे नाचतात. मुखवटा केवढाही असो, आतल्या माणसाची नजर कुठून जाते आणि मान किती तोलते याचा हिशेब कारागिराने आधीच केलेला असतो. १९२२ मध्ये स्टुटगार्टला ऑस्कर श्लेमरने ‘ट्रायाडिक बॅले’ रंगवला, त्यातल्या गोल, शंकूच्या, तबकडीच्या आकारांच्या पोशाखांनी नर्तकांना हवं तसं हलूच दिलं नाही, आणि त्या अडवण्यातूनच त्या नाचाची चाल घडली. हे मी पुस्तकात वाचलं होतं. खरं म्हणजे काय ते कळलं ती मुलगी एकदा सहज टाचेवर गर्रकन वळली तेव्हा. घड्या तिच्याबरोबर वळल्या नाहीत. ती थांबली, मग त्या उशिराने एकेक करून आल्या आणि आपापल्या जागी बसल्या. कागदावर मी हे काढलं नव्हतं, काढू शकलेही नसते. मी तिला पुन्हा वळायला सांगितलं. मास्टर शिलाई मशीन थांबवून बघायला आले.

पहिली फेरी फोटोंवर असते. समोरून, बाजूने, मागून काढलेली छायाचित्रं आणि कल्पनेबद्दल चार ओळी. नाव मी ‘खोळ’ ठेवलं. त्या चार ओळी लिहिताना दमले. पहिल्या मसुद्यात दुष्काळ, परंपरा, स्त्री, निसर्ग असं सगळं कोंबलं होतं. शेवटी उरलं ते इतकंच: ज्या लोकरीला भाव नाही तिच्यापासून, न कापता, पावसात माणूस झाकण्याची जुनी घडी. निवड झाल्याची मेल आली तेव्हा कारखान्यात पेढे वाटले आणि लगेच दुसरी धावपळ सुरू झाली, कारण आता खुद्द ‘खोळ’ वेलिंग्टनला पोचवायची होती.

न्यूझीलंडचं जैवसुरक्षेचं प्रकरण फार कडक आहे. चारी बाजूंनी समुद्र, शेती आणि पशुपालनावर चालणारा देश. बाहेरून एखादी कीड किंवा तण आत आलं तर मोठंच नुकसान. तिथे आम्ही पाठवत होतो मेंढीची लोकर. माणदेशातलं मेंढरू ज्या रानातून जातं ते रान अंगावर घेऊन फिरतं. विणलेल्या पट्ट्यांतही गोखरूचे काटे, गवताची कुसळं, बारीक बिया अडकलेल्या. कोमट पाण्यातून साबणाने धुणं झालं, वाळवणं झालं आणि मग आम्ही सगळ्या बायका चिमटे घेऊन बसलो. मशीनवरच्या मुली, हात-शिलाईच्या मावशी, मी. पट्टा उजेडासमोर धरायचा आणि एकेक कुसळ ओढून काढायचं. काम इतकं किचकट की गप्पा आपोआप सुरू व्हायच्या. पेटीचाही कायदा वेगळाच. कच्च्या लाकडाची पेटी असेल तर लाकूड तापवून कीडमुक्त केल्याचा आंतरराष्ट्रीय शिक्का लागतो, प्लायवूडला लागत नाही. म्हणून प्लायवूडची पेटी.

कस्टमच्या कागदावर ‘किंमत’ असा रकाना होता. तिथे मी अडकले. लोकरीचे पैसे मामांना बाजारभावाच्या किती तरी पट दिले होते, तरी ते पेटीच्या खर्चापेक्षा कमी होते. मजुरी धरायची तर कोणाची, किती? आणि विमानभाडं या सगळ्याहून जास्त. धंद्यात मी डोळे मिटून किंमत सांगते. इथे घेणाराच नव्हता, म्हणून कुठलाही आकडा खोटा वाटत होता. मास्टर म्हणाले, “एका घागऱ्याची लावा.” तीच लावली.

पेटीत काय कसं ठेवायचं याहून मोठा प्रश्न होता तो तिकडे बाहेर काढून कसं चढवायचं याचा. मी तिथे नेसवायला नसणार. नवरीला शालू नेसवायला माझी बाई मांडवात जाते, तशी सोय नाही. फोटो काढून, क्रमांक घालून कागद तयार केले. मग डिझाइनच्या दोन विद्यार्थ्यांना बोलावलं. त्यांनी ‘खोळ’ पाहिली नव्हती. पेटी, कागद आणि ती नाचणारी मुलगी त्यांच्या ताब्यात देऊन मी दाराबाहेर बसले. बऱ्याच वेळाने दार उघडलं तर खोळ पाठीवरून पोटावर आलेली आणि मुलगी हसून हसून बेजार. कागद त्यांनी नीट वाचला होता. पण काळ्यावर काळी घडी, पुढची कोणती आणि मागची कोणती हे फोटोत कोणालाच दिसणार नाही. मास्टरांनी कागद बाजूला सारला, आतल्या बाजूला डाव्या जोडांना लाल दोरा आणि उजव्या जोडांना पिवळा दोरा घातला, आणि प्रत्येक हुकाशेजारी जितक्या क्रमांकाचा हुक तितक्या गाठी मारल्या. त्यानंतर विद्यार्थ्यांनी कागद न उघडता चढवलं.

मला वाटतं, स्पर्धेने मला शिकवलं ते इथे. कॉलेजपासून आमच्या मनावर ठसवलेलं असतं की कलाकाराची मोकळीक वेगळी आणि धंद्याची बंधनं वेगळी. गिऱ्हाईक सुटलं की मोकळीक, असा सरळ हिशेब. गिऱ्हाईक सुटलं, पण अंग सुटलं नाही. उलट गिऱ्हाईक जी सूट देतं ती अंग देत नाही. नवरी दिसण्यासाठी चिमटणारा ब्लाउज हसत सहन करते, हिल्स सोसते, उपाशी राहते. अनोळखी अंग असं काही सोसत नाही. ते थांबतं आणि म्हणतं, ऐकू येत नाही. स्पर्धेच्या निमित्ताने मी जे जे ‘कलात्मक’ म्हणून योजलं होतं, त्यातलं निम्मं गळून गेलं. जे टिकलं, आणि ज्याचं लोकांनी पुढे कौतुक केलं, ते या अडचणींपायी जन्मलेलं होतं: विरळ पट्टे, अंगापासून सुटलेली खोळ, उशिरा वळणाऱ्या घड्या.

वेलिंग्टनमध्ये ‘खोळ’ दुसऱ्या फेरीतून प्रयोगात गेली. परीक्षक वस्तू जवळून पाहतात आणि चालत्या अंगावरही पाहतात. बक्षीस मिळालं नाही. प्रयोग बघायला मी गेले. समुद्राकाठचं ते सभागृह, बाहेर माणूस उडवणारा वारा, आत हजारो लोक. एकामागून एक वस्तू येत होत्या: कागदाच्या, धातूच्या, रबराच्या, कशाच्या आहेत ते कळणार नाही अशा. माझी मुलगी, म्हणजे माझी ‘खोळ’ घातलेली ती अनोळखी मुलगी, आमच्या कथकवालीपेक्षा उंच होती आणि अगदी सावकाश चालली. रंगमंचाच्या कडेला येऊन ती वळली तेव्हा घड्या मागून आल्या, आमच्याकडे येत त्याहून सावकाश. लाल-पिवळे दोरे कोणाला दिसले नाहीत. मला तेवढे जोडच दिसत होते.

मध्यंतरात कॉफीच्या रांगेत एका वयस्क बाईंशी बोलणं झालं. त्यांच्या घरी मेंढ्या होत्या. न्यूझीलंड म्हटलं की आपल्याला मऊ मेरिनो आठवते, पण तिथली बहुतांश लोकर जाडी असते, गालिच्यांची. १९८२ च्या सुमाराला त्या देशात ७ कोटी मेंढ्या होत्या, आता अडीच कोटींच्याही खाली आल्यात. गालिचे नायलॉनचे झाले आणि जाड्या लोकरीचा भाव कोसळला. बाई म्हणाल्या, कातरणाऱ्याला द्यायचे पैसेसुद्धा लोकरीतून सुटत नाहीत, पण मेंढीसाठी कातरावं तर लागतंच. माणदेशात ऐकलेलं वाक्य मी दुसऱ्या टोकाच्या देशात, जवळजवळ त्याच शब्दांत ऐकत होते. मग त्यांनी मला विचारलं, कुठली लोकर, कोण विणतं, ताठ कशाने राहते. स्पर्धेत कोणाच्या वस्तूला काय मिळालं याबद्दल आमच्यात शब्दही झाला नाही.

परत आल्यावर व्हिडिओ घेऊन मामांकडे गेले. त्यांनी फोन हातभर लांब धरून तो पाहिला, मावशींना दाखवला, पुन्हा पाहिला. मग विचारलं, “पोरगी आत गुदमारली न्हाई न्हवं?” नाही म्हटल्यावर म्हणाले, “मग बराय.” नंतर विरळ पट्ट्यांच्या पुढच्या खेपेचा भाव त्यांनी थोडा वाढवून सांगितला. मी घासाघीस केली नाही.

आता पुन्हा लग्नसराई आहे आणि पुन्हा तेच प्रश्न आहेत. फरक पडलाय तो ट्रायलमध्ये. पूर्वी नवरी आली की मी तिला आधी आरशासमोर उभी करायची. हल्ली आरसा शेवटी. आधी जिना चढून ये, पाटावर मांडी घालून बस, हार घालायला हात वर कर, वाकून नमस्कार कर. आया वैतागतात, पण मुली मनापासून करतात. आणि जरदोजीचा आठ-आठ किलोंचा घागरा नाडीवर लटकवून कंबर कापून घेणाऱ्या मुलींसाठी मास्टर आता आतून सॅकसारखा रुंद पट्टा शिवतात. बाहेरून तो दिसत नाही. रात्री बारा वाजता मांडवातून बाहेर पडताना मात्र त्याची आठवण होत असणार, कारण मागच्या मोसमात दोन नवऱ्यांच्या धाकट्या बहिणींनी आल्या आल्या तोच मागितला. बिलात त्याची ओळ मी वेगळी लावते, आणि दुपट्ट्याच्या लेसवर पन्नास रुपयांसाठी हुज्जत घालणाऱ्या आयांनीही त्या ओळीवर अजून हुज्जत घातलेली नाही.